काय गेलंय ते आधी सांगा

आप्पा आठ दिवस टीव्ही नुसता ऐकत होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

मी सकाळी साडेनऊला घर सोडते ती संध्याकाळी सातला परत येते. आले की हातपाय धुऊन थेट ओट्यापाशी. बाहेरच्या खोलीतून बातम्यांचा आवाज येत असतो, मधूनच आप्पांचं खाकरणं. त्या आवाजावरच मी समजत होते की सगळं जागच्या जागी आहे. नवव्या दिवशी दूध द्यायला बाहेर आले तर ट्यूब लावलेली नव्हती. आप्पा नेहमीच्या खुर्चीत, तोंड टीव्हीकडे, हात मांडीवर. आणि टीव्ही काळा. त्या काळ्या पडद्यातून एक बाई कोकणात उद्या पाऊस कसा असेल ते सांगत होती.

"आप्पा, चित्र कुठं गेलं?"

"सोमवारीच गेलं. आवाज आहे की. बातम्या काय, ऐकायच्याच असतात."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्हाला काय कमी व्याप आहेत का," एवढं म्हणून त्यांनी दुधाचा पेला हातात घेतला.

मला त्या रात्री झोप लागली नाही. सासूबाई गेल्यापासून दुपारच्या वेळी आप्पांना सोबत असते ती या बत्तीस इंची टीव्हीचीच. 2016 च्या दिवाळीत घेतलेला. यांची बदली पुण्याला झाल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि मी दिवसभर बाहेर. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस आठ दिवस काळ्या काचेसमोर बसून राहिला, कारण आम्हाला खर्चात पाडायचं नाही. मी मात्र आवाज येतोय म्हणून निर्धास्त होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी एक तरुण मुलगा आला. पाठीला सॅक, कानाला फोन. त्यानं टीव्ही लावला, आवाज ऐकला, रिमोटची दोन-चार बटणं दाबली आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मॅडम, डिस्प्ले गेलाय. पॅनेल बदलायला लागेल. त्यापेक्षा नवा घ्या, एक्स्चेंजमध्ये बसेल." पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. त्यानं टीव्ही भिंतीवरून काढला नाही, एक स्क्रू सोडवला नाही, मीटर सॅकमधून बाहेर काढला नाही. भेटीचे साडेतीनशे रुपये घेतले.

आप्पा खुर्चीतून त्याच्याकडे बघत होते. ते एकतीस वर्षं एसटीच्या विभागीय कार्यशाळेत फिटर होते. मुलगा दाराशी बूट घालत असताना त्यांनी विचारलं, "पॅनेल म्हणजे त्यातलं नेमकं काय गेलंय?"

"आजोबा, पॅनेल म्हणजे अख्खा डिस्प्लेच."

"हां. पण त्यातलं काय?"

त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. मी त्याला फार दोष देत नाही. त्याच दिवशी त्याला अजून सात ठिकाणी जायचं होतं, आणि कंपनी त्याला सुटे भाग देतच नाही, आख्खा संचच बदलायचा असतो, हे त्यानंच मला सांगितलं. तो गेल्यावर आप्पा म्हणाले, "आमच्याकडं गाडी बंद पडली तर 'गाडी गेली' असं लिहून चालायचं नाही. साहेब वही फेकून द्यायचा. काय गेलंय ते आधी सांगा, मग किती लागतील ते सांगा."

शेजारच्या काकूंनी पेठेतल्या एका बोळातला दुरुस्तीवाला सुचवला. दुकान म्हणजे जेमतेम आठ बाय दहाची खोली. दारापासूनच उघडे टीव्ही भिंतीला टेकवून ठेवलेले, पाठी काढलेल्या, हिरवे-निळे बोर्ड उघडे. पन्नाशीचा माणूस, डोळ्यांवर चष्मा आणि कपाळावर दुसरा भिंगाचा चष्मा सरकवलेला. मी सांगायला लागले की टीव्ही बिघडलाय, तर त्यांनी हातातली सोल्डरिंगची लेखणी खाली ठेवली आणि एकामागून एक विचारायला सुरुवात केली. लाल दिवा लागतो का? रिमोट दाबल्यावर तो बदलतो का? आवाज येतो? चॅनेल बदललं की आवाज बदलतो? बंद पडायच्या आधी चित्र लुकलुकत होतं का? एखादा कोपरा काळपट, रंग निळसर, असं काही? लावल्या लावल्या क्षणभर उजेड येतो आणि जातो, असं होतं का? शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत. ते म्हणाले, "आप्पांना विचारून ठेवा. जो रोज बघतो त्यालाच माहीत असतं."

आप्पांना सगळं माहीत होतं. पंधरा दिवस आधीपासून चित्राची डावी बाजू किंचित काळवंडली होती. नंतर टीव्ही लावला की चित्र यायचं आणि दोन मिनिटांत जायचं, बंद करून पुन्हा लावला की परत यायचं. मग दोन सेकंद. मग काहीच नाही. हे सगळं त्यांनी मनात तारखांसकट लावून ठेवलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

दुरुस्तीवाले दादा संध्याकाळी घरी आले. आल्यावर पहिलं काम म्हणजे त्यांनी मला खोलीतले दिवे बंद करायला आणि पडदे ओढायला सांगितलं. टीव्ही लावला, आवाज सुरू झाला. मग त्यांनी मोबाइलची टॉर्च लावली आणि पडद्याला जवळजवळ टेकवून तिरकी धरली.

"वहिनी, इथं बघा. जवळ या."

मी वाकून बघितलं. टॉर्चच्या उजेडाचा जो बशीएवढा गोल होता, त्यात एक माणूस होता. फिकट, धुक्यातून दिसावा तसा, पण त्याच्या शर्टाच्या रेघासुद्धा मोजता येत होत्या. दादांनी टॉर्च उजवीकडे सरकवली तर त्याचा हात दिसला, हातात माइक. खाली सरकवली तर पळत्या बातमीची पट्टी, तिच्यातली अक्षरं एकामागून एक जाताना. चित्र सगळं होतं. आठ दिवस रोज, अख्खंच्या अख्खं, आप्पांच्या समोर हलत होतं. उजेड तेवढा नव्हता.

आप्पांना हाताला धरून उठवलं आणि पुढं आणलं. त्यांनी टॉर्च स्वतःच्या हातात घेतली आणि बराच वेळ पडद्यावरून फिरवत राहिले.

दादांनी मग जे समजावून सांगितलं ते मी आधी कधीच नीट समजून घेतलं नव्हतं. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्याची काच स्वतः प्रकाशत नाही. काचेच्या दोन पातळ तावांमध्ये द्रव स्फटिकाचा थर असतो. वीज कमी-जास्त झाली की त्यातले रेणू वळतात आणि दोन्ही बाजूंना लावलेल्या ध्रुवकांच्या, म्हणजे एकाच दिशेचा उजेड जाऊ देणाऱ्या पातळ पडद्यांच्या, जोडीनं उजेडाला वाट देतात किंवा अडवतात. लाखो बारीक खिडक्या, त्यांची दारं सतत उघडझाप होत असतात. उजेड येतो तो मागून, पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्यांमधून. पूर्वी त्या जागी बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्या असायच्या, तेव्हा त्याच टीव्हीला आपण एलसीडी म्हणायचो. मागचे दिवे गेले की खिडक्या आपलं काम करतच राहतात, पण त्यातून येणार काय? टॉर्चचा उजेड पुढून आत जातो, मागच्या पांढऱ्या कागदावर आपटून त्याच खिडक्यांतून परत येतो, म्हणून तेवढ्यापुरतं चित्र दिसतं.

हे द्रव स्फटिक कुणी शोधले म्हणून मी त्या रात्री वाचत बसले. 1888 साली प्रागमध्ये फ्रीडरिश रायनिट्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ तापवत होता. तो पदार्थ दोनदा वितळला! 145.5 अंशांना वितळून दुधासारखा गढूळ झाला आणि 178.5 अंशांना लख्ख पारदर्शक. मधली ती गढूळ अवस्था म्हणजेच द्रव स्फटिक. दुसरा एखादा असता तर नमुन्यात भेसळ आहे म्हणून फेकून देता. त्यानं ते गढूळपण नोंदवून ठेवलं आणि एका भौतिकशास्त्रज्ञाला पत्र लिहून विचारलं की हे काय असावं. आप्पांना सकाळी हे सांगितलं तर ते म्हणाले, "वही ठेवणारा माणूस दिसतोय."

लहानपणी कराडला आमच्याकडे लाकडी शटरचा टीव्ही होता. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पण आमच्या गल्लीत टीव्ही यायला बरीच वर्षं गेली. तो बिघडला की एक मेकॅनिक सायकलवरून यायचे. पिशवीतून हत्यारं काढायच्या आधी ते आईकडे आरसा मागायचे. भिंतीवरचा नाही, हातात धरायचा. माझ्या हातात तो आरसा देऊन मला टीव्हीसमोर बसवायचे आणि स्वतः टीव्हीच्या मागे जायचे. मागे बसून स्क्रू फिरवताना पुढं चित्रावर काय परिणाम होतोय ते त्यांना आरशात दिसायचं. "थोडा वर. आता डावीकडं. हं, तिथंच धर." पडद्यावरच्या मुंग्या हळूहळू विरळ व्हायच्या आणि त्यातून एखादा चेहरा वर यायचा. माझे हात दुखायला लागायचे, पण आरसा हलू दिला नाही कधी. त्या जुन्या नळीच्या टीव्हीत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असायचे. रबराच्या बुचाखालच्या त्या जाड वायरीजवळ हात न्यायचा नाही, हे त्यांनी मला इतकं बजावलं होतं की आजही उघड्या टीव्हीजवळ गेले की माझे हात आपोआप पाठीमागे जातात.

हे मी दादांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "बरोबर सांगितलं होतं त्यांनी," म्हणाले. "यात तेवढे नसतात, पण हा बघा." टीव्ही पलंगावर गोधडी अंथरून पालथा घातला होता आणि पाठ काढलेली होती. सप्लायच्या बोर्डवर काळ्या गोळीच्या डबीएवढा वीज साठवून ठेवणारा एक कपॅसिटर होता. घरातली 230 व्होल्टची वीज आत येऊन सरळ केली की त्याच्यावर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट चढतात, आणि वायर काढून ठेवली तरी ते काही काळ तिथंच बसून असतात. दादांनी पिशवीतून जुना पिवळ्या उजेडाचा शंभर वॅटचा बल्ब काढला, त्याच्या दोन वायरी कपॅसिटरच्या पायांना टेकवल्या. बल्बाची तार लाल झाली न झाली आणि विझली. मग मीटर लावून शून्य आलेलं मला दाखवलं, आणि मगच हात आत घातला.

बाकीची तपासणी भराभर झाली. फ्यूज ठीक. स्टँडबायचे पाच व्होल्ट बरोबर. मुख्य बोर्डाला बारा जातायत. कुठलाही कपॅसिटर वर फुगलेला नाही. "पाल मेलेली नाही, मुंग्या नाहीत," हेही त्यांनी तपासलं. पावसाळ्यात गरम बोर्डावर पाल येऊन बसते आणि दोन पायांमध्ये वीज घेऊन स्वतः मरते, बोर्डही मारते, असे टीव्ही त्यांच्याकडे दरवर्षी येतात. मग त्यांनी दिव्यांकडे जाणाऱ्या वायरीवर मीटर धरला आणि मला टीव्ही लावायला सांगितला. आकडा सरसर वर गेला, नव्वदच्या पुढं चढला आणि धाडकन शून्यावर आला.

"साठच्या आसपास थांबायला पाहिजे होता. दिवे पेटत नाहीत म्हणून सप्लाय जोर लावतो, लावतो, आणि मग काहीतरी गडबड आहे हे ओळखून स्वतःच बंद होतो. म्हणजे सप्लाय शहाणा आहे. दिव्यांच्या माळेत कुठंतरी तुटलंय."

दिवे एकाला एक जोडलेले असतात, जुन्या दिवाळीच्या माळेसारखे. एक गेला की सगळे गेले. आमच्या टीव्हीत सात-सात दिव्यांच्या तीन पट्ट्या, एकूण एकवीस. प्रत्येकाला साधारण तीन व्होल्ट लागतात, म्हणून त्रेसष्ट.

पण त्या पट्ट्यांपर्यंत पोचायचं तर आधी पुढची काच उचलायला लागते, आणि सगळी जोखीम तिथंच आहे. दादा एरवी हे काम दुकानात त्यांच्या मुलाबरोबर करतात. मुलगा परीक्षेला गेला होता. आप्पांना टीव्ही रिक्षातून हलवायला नको होता. "वहिनी, तुम्ही धराल का?" मी हो म्हटलं.

चौकट काढली. काच उघडी पडली. बत्तीस इंचांची आणि जाडी दोनेक मिलिमीटर, पापडासारखी. तिच्या एका कडेला बोटभर रुंदीच्या पिवळसर फिल्मच्या पट्ट्या चिकटवलेल्या, आणि त्या पुढं एका लांबट अरुंद बोर्डात गेलेल्या. प्रत्येक फिल्मवर मधोमध एक काळी चिप. दादांनी बोट न लावता त्या दाखवल्या. "ही फाटली की पॅनेल गेलं. मग खरंच गेलं. ही सोल्डरनं बसवलेली नाही, यंत्रानं दाबून चिकटवलेली आहे. माझ्याकडं ते यंत्र नाही." काचेला दोन रबरी वाट्या चिकटवल्या, एक त्यांनी धरली, एक मी. अरुंद बोर्ड त्यांनी दुसऱ्या हातात घेतला. "तीन म्हटलं की सरळ वर. वाकवायची नाही. श्वास घेऊन ठेवा." मला आईचा आरसा आठवला. आम्ही ती काच उचलून जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या चादरीवर ठेवली तेव्हा आप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि त्यांनीही श्वास धरलेला होता.

काचेखाली दुधी रंगाचे कागद, एकावर एक तीन. ते उजेड पसरवतात. त्यांचा क्रम आणि दिशा चुकली तर चित्र खराब दिसतं, म्हणून दादांनी प्रत्येकाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं बारीक खूण केली. त्याखाली जाडसर दुधी प्लास्टिकचा पत्रा. आणि तो उचलल्यावर पांढरंशुभ्र अंगण आणि त्यात तीन ओळींत एकवीस छोट्या पालथ्या पणत्या. प्रत्येक दिव्यावर काचेसारख्या प्लास्टिकचं एक भिंग बसवलेलं असतं, डोक्यावर किंचित खळगी असलेलं. दिव्याचा उजेड एका ठिपक्यात न राहता सगळीकडे सांडावा म्हणून. कधी कधी यातलं एखादं भिंग डिंक सुटून खाली पडतं, आणि मग पडद्यावर एक पांढरा टिपका दिसत राहतो. लोक त्यालाही पॅनेल गेलं म्हणतात.

दादांनी टेस्टरच्या दोन सुया पहिल्या पट्टीला लावल्या. सात दिवे पेटले, आकडा एकवीस. दुसरी पट्टी, तेच. तिसरी, काळोख. मग त्या पट्टीतला एक एक दिवा स्वतंत्र. पहिला पेटला. दुसरा. तिसरा. चौथ्याला सुया टेकवल्या तर काही नाही.

त्यांनी त्याचं भिंग नखानं अलगद सोडवलं आणि कपाळावरचा चष्मा काढून आप्पांच्या डोळ्यांना लावला. पांढरा एलईडी खरं तर निळा असतो, त्याच्यावर पिवळ्या पदार्थाचा लेप असतो, आणि निळा-पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. म्हणून बंद असताना तो हळदीच्या ठिपक्यासारखा दिसतो. हा निळा दिवा करायला माणसांना इतकी वर्षं झगडावं लागलं की तो करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या चौथ्या दिव्याच्या त्या पिवळ्या ठिपक्यात मधोमध मोहरीपेक्षाही लहान एक काळा डाग होता. जळलेला.

"हा," दादा म्हणाले. "हा एक गेलाय."

आप्पांनी भिंगातून बराच वेळ बघितलं. मग चष्मा परत देत म्हणाले, "आता किती ते सांगा."

एक दिवा बदलायचा की तिन्ही पट्ट्या, हे दादांनी आमच्यावर सोडलं नाही. बाकीचे वीस त्याच वयाचे, तेवढेच तापलेले आहेत, दोन महिन्यांत दुसरा जाईल आणि पुन्हा ही काच उचलावी लागेल. दरवेळी उचलण्यात काच फुटायची भीती. आप्पांना हे लगेच पटलं. "ब्रेकचे लायनर एका चाकाचे बदलत नाहीत. जोडीनं बदलतात."

त्यांच्या दुकानात तशा पट्ट्या नव्हत्या. मी शनिवारी पुण्याला जाणारच होते, म्हणून जुनी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी पूर्वी एकदाच गेले होते, लग्नाआधी, टेपरेकॉर्डरच्या हेडसाठी. गर्दी तीच. एका दुकानात भिंतीभर खोक्यांमध्ये पट्ट्या, लाकडाच्या मोळ्या ठेवाव्यात तशा. दुकानदारानं टीव्हीची कंपनी विचारली नाही. पट्टी मागितली, तिच्यावरचा बारीक छापलेला नंबर वाचला, एका मोळीतून एक ओढून काढली आणि दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. दिवे मोजले. दोन दिव्यांमधलं अंतर बोटानं ताडून पाहिलं. स्क्रूची भोकं जुळवली. मग टेस्टर लावून व्होल्ट बघितले, कारण दिसायला तशीच पण सहा व्होल्टच्या दिव्यांचीही पट्टी येते आणि ती लावली तर सगळं गणित बिघडतं. तिन्हींचे मिळून सातशे वीस रुपये झाले.

सोमवारी संध्याकाळी पट्ट्या बसल्या. बसवायच्या आधी दादांनी आणखी एक गोष्ट केली. सप्लायच्या बोर्डवर दिव्यांना किती करंट द्यायचा हे ठरवणारे तीन-चार बारीक रेझिस्टर शेजारी शेजारी असतात. त्यातला एक त्यांनी सोल्डर गरम करून उचलला. तेवढ्यानं करंट थोडा कमी होतो. उजेड किंचित उतरतो, घरात कळत नाही, पण दिवे कमी तापतात आणि जास्त टिकतात. टीव्ही कारखान्यातून येतो तो दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून पूर्ण उजेडावर लावलेला, आणि आपण घरी आणून वर्षानुवर्षं तसाच चालवतो. आमच्या टीव्हीच्या मेनूत बॅकलाइट शंभरावर होती. मला वाटायचं मी ब्राइटनेस कमी करून ठेवलाय. दादांनी दाखवलं की आमच्या मेनूतला ब्राइटनेस चित्रातला काळेपणा कमी-जास्त करतो, मागच्या दिव्यांना त्याचा पत्ताही नसतो. दिव्यांना उसंत द्यायची तर बॅकलाइटचा आकडा खाली आणायचा. नऊ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टीव्हीबरोबर आलेल्या पुस्तिकेत अठरा भाषांत भिंतीवर कसा टांगायचा ते होतं.

ही गोष्ट मला अजून लागते. 2022 च्या डिसेंबरात आपल्या सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, युरोपात मार्च 2021 पासून टीव्ही बनवणाऱ्यांना काही सुटे भाग किमान सात वर्षं पुरवायचं बंधन आहे. हे चांगलंच आहे. पण भाग मिळायच्या आधी कुठला भाग गेलाय ते बघायला माणूस तयार पाहिजे. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च लावायला एक मिनिट लागतं आणि एक पैसा लागत नाही.

काच परत बसवताना मी पुन्हा एक बाजू धरली. दादांनी आतल्या कागदांवरून हवेचा पंप मारून धुळीचा कण न् कण उडवला होता. टीव्ही उभा केला, लावला. पडदा आधी राखाडी झाला आणि मग सगळं एकदम आलं. आप्पा काही बोलले नाहीत. फक्त खुर्ची दोन बोटं पुढं ओढली.

दादांनी मजुरी नऊशे घेतली. पाठ बसवायच्या आधी त्यांनी आतल्या पत्र्यावर मार्करनं तारीख लिहिली, पट्टीचा नंबर लिहिला आणि कुठला रेझिस्टर काढलाय तेही. "पुढं कुणी उघडलं तर त्याला कळावं."

शेजारच्या काकूंना अर्थातच हे सगळं कळलं, आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या टीव्हीवर उभी रेघ आली, मग अर्धा पडदा पांढरा. त्यांनी दादांना बोलावलं. मला आशा होती. दादांनी चौकटीच्या वरच्या कडेवर एका ठिकाणी अंगठ्यानं हलकंसं दाबलं तर पांढरेपण गेलं, चित्र आलं. अंगठा काढला, पुन्हा पांढरं. काकूंचा चेहरा उजळला होता. दादा म्हणाले, "काकू, इथं आत फिल्म काचेपासून सुटलीय. मी कागदाची घडी आत सारून दाबून देऊ शकतो. आठ दिवस चालेल. तुमच्याकडून पैसे घेऊन आठ दिवसांचं काम मी करणार नाही. हा गेला." त्यांनी पाठसुद्धा उघडली नाही, पैसेही घेतले नाहीत. टीव्ही भंगारात देण्याआधी मला दाखवा, म्हणाले, सप्लाय आणि मुख्य बोर्ड चांगले आहेत, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील, त्याचे पाचशे देतो.

काकूंना वाईट वाटलं, पण त्या नव्या टीव्हीच्या दुकानात गेल्या तेव्हा काय गेलंय ते जाणून गेल्या.

त्या आठवड्यात आप्पांनी मला कपाटातली जुनी डायरी काढून द्यायला सांगितली. 2019 ची, एका पतसंस्थेची, कोरीच होती. पहिल्या पानावर त्यांनी वर 'टीव्ही' लिहिलं आणि खाली रेघ मारली. तारीख, लक्षण, दोष, काय बदललं, कुणी, किती रुपये. दुसऱ्या पानावर 'मिक्सर', तिसऱ्यावर 'पाण्याची मोटर'. हात थरथरतो म्हणून अक्षर वाकडं येतं, पण प्रत्येक रकाना भरलेला असतो. परवा केर काढताना डायरी खुर्चीवर उघडी होती. टीव्हीच्या पानावर शेवटची ओळ होती: बॅकलाइट 45. डावी बाजू स्वच्छ. रात्री नऊला तपासले.